खानदेशच्या हवेत जुनिपरची गुटी: केव्हा बांधावी आणि केव्हा उतरवावी?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

नमस्कार. डाळिंबाची आणि लिंबाची गुटी बांधणारे हात आपल्या भागात गावोगावी आहेत. (फांदीची साल गोल काढून तिथे ओले मॉस, म्हणजे शेवाळ, गुंडाळणे म्हणजे गुटी बांधणे; मुळे फुटल्यावर ती फांदी तोडून वेगळी करणे म्हणजे गुटी उतरवणे.) मात्र बोन्सायसाठी किंवा बागेसाठी कोणी जुनिपरची गुटी बांधायला निघाले की त्यालाही तेच वेळापत्रक सांगितले जाते: पाऊस पडला की बांधा आणि दोन महिन्यांत उतरवा. यातला पहिला भाग बरोबर आहे. दुसरा भाग जुनिपरला लागू पडत नाही, आणि त्यापायी वर्षानुवर्षे वाढवलेल्या फांद्या वाया जातात. म्हणून माझे म्हणणे कारणांसह मांडतो. जाणकारांनी भर घालावी.

जुनिपर हे सायप्रसच्या कुळातील सूचिपर्णी झाड आहे. त्याच्या पन्नासहून अधिक जाती उत्तर गोलार्धात पसरलेल्या आहेत. हिमालयातही त्या आढळतात. लडाखमध्ये त्याला शुक्पा म्हणतात आणि त्याच्या पाल्याचा धूप करतात. आयुर्वेदातील हपुषा हीसुद्धा जुनिपरचीच एक जात आहे. आपल्याकडे कुंड्यांत दिसतात ते बहुतांशी जुनिपेरस चायनेन्सिसचे आणि जमिनीलगत पसरणाऱ्या प्रोकम्बेन्सचे प्रकार. बियांपासून त्यांची रोपे करणे घरगुती बागेत व्यवहार्य नाही, कारण बी थंडीच्या काळातून गेल्याखेरीज सहसा रुजत नाही, रुजायला कधीकधी वर्षाहून अधिक काळ घेते, आणि उगवलेले रोप मूळ झाडासारखेच निघेल याची शाश्वती नसते.

गुटीत नेमके काय घडते हे समजून घेतले की वेळापत्रकाचा प्रश्न बराचसा सुटतो. फांदीची साल गोलाकार काढली तरी आतल्या लाकडातून पाणी वर चढत राहते, त्यामुळे पाला जिवंत राहतो. पाल्यात तयार होणारी साखर आणि मुळांना चालना देणारे ऑक्सिन मात्र सालीच्या वाटेने खाली येतात. ती वाट तुटल्यामुळे दोन्ही कापाच्या वरच्या कडेला साठतात, तिथे आधी कॅलसची (जखम भरून काढणाऱ्या पेशींची) गाठ धरते आणि नंतर मुळे फुटतात. डाळिंबात हे सारे साधारण दीड-दोन महिन्यांत उरकते. जुनिपरमध्ये तीन महिन्यांत मुळे दिसली तर तो चांगला निकाल समजावा. सहा महिने लागणे स्वाभाविक आहे, आणि जाड, जुन्या फांदीने पूर्ण वर्ष घेतले तरी त्यात काही वावगे नाही.

आता आपली हवा पाहा. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, हवा कोरडी असते, आणि नुकत्याच उतरवलेल्या गुटीची कोवळी मुळे त्या काळात वरच्या पाल्याची पाण्याची गरज भागवूच शकत नाहीत. म्हणून हिशेब उन्हाळ्यापासून उलटा मांडावा लागतो. उतरवलेल्या झाडाला उन्हाळ्यापूर्वी कुंडीत स्थिरावायला निदान दोन महिने मिळायला हवेत, म्हणजे गुटी संक्रांतीपर्यंत उतरलेली असावी. तोवर मुळे धरायला सहा महिने द्यायचे, तर ती आर्द्रा ते पुनर्वसू या नक्षत्रांच्या दरम्यान, जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत, बांधली पाहिजे. संक्रांतीला मुळे पुरेशी दिसली नाहीत, तर गुटी अजिबात उतरवू नये. ती मूळ झाडावरच ठेवून सावली करावी आणि पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी. महाशिवरात्रीनंतर जुनिपरची गुटी उतरवणे मला आपल्या जिल्ह्यांत कोणत्याही परिस्थितीत योग्य वाटत नाही.

पांझरा_परिसर (धुळे)

भाऊ, मांडणी आवडली. एक मूलभूत शंका आहे. माझ्याकडचे झाड रोपवाटिकेतून जुनिपर म्हणून घेतले होते, पण शेजारच्या काकांचे म्हणणे आहे की ते मोरपंखी आहे. गुटी बांधण्यापूर्वी हे कसे ओळखावे? दोन्हींची पद्धत एकच असेल तर प्रश्नच मिटला.

सातपुडा_पायथा (यावल)

ओळख पटवणे आवश्यक आहे, कारण ही दोन झाडे वेगळ्या प्रकारे वाढतात आणि बोन्सायसाठी त्यांची योग्यताही सारखी नाही. मोरपंखीच्या डहाळ्या चपट्या असतात आणि पंख्याप्रमाणे उभ्या पातळीत रचलेल्या दिसतात. जुनिपरच्या डहाळ्या गोलसर असतात व चारी बाजूंना वळतात. फळ असेल तर शंका राहतच नाही: मोरपंखीचे निळसर-हिरवे शंकू वाळल्यावर उकलतात आणि त्यांच्या खवल्यांना आकड्यासारखी टोके असतात, तर जुनिपरचा शंकू मांसल असतो आणि वाटाण्याएवढ्या निळसर फळासारखा दिसतो. मात्र जुनिपरच्या बऱ्याच जातींत नर आणि मादी झाडे वेगळी असल्यामुळे फळ न दिसण्यावरून निष्कर्ष काढू नये.

आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. जुनिपरच्या बऱ्याच जातींत पाला दोन तऱ्हेचा असतो. कोवळ्या अवस्थेत तो टोचणाऱ्या सुयांसारखा असतो आणि प्रौढ अवस्थेत खवल्यांसारखा अंगाला चिकटलेला. चायनेन्सिसच्या एकाच झाडावर दोन्ही दिसू शकतात. जोरात छाटणी झाल्यावर खवल्यांच्या झाडावर पुन्हा सुया येतात. ते दुसरे झाड झाले असे समजण्याचे कारण नाही.

अमळनेरकर_ताई (अमळनेर)

चर्चेत थोडा वेगळा सूर लावते. जुनिपरसाठी एवढी प्रतीक्षा करण्यापेक्षा छाट कलमे का करू नयेत? हिवाळ्यात बोटाएवढ्या लांबीच्या डहाळ्या, तळाशी जुन्या लाकडाचा छोटा तुकडा राहील अशा रीतीने ओढून काढाव्यात, आयबीए (मुळे फुटायला मदत करणारे संप्रेरक) पावडर लावून जाड वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात खोचाव्यात आणि सावलीत ठेवाव्यात. त्यांनाही मुळे यायला काही महिने लागतात, सगळ्याच जगत नाहीत, परंतु एका वेळी पुष्कळ लावता येतात आणि मूळ झाडाला धक्का लागत नाही. जपानमधील नीगाता प्रांतातल्या इतोइगावा भागातले जुनिपर बोन्सायकारांमध्ये प्रसिद्ध आहेत. डोंगरावरून गोळा करण्याजोगी झाडे जवळजवळ संपल्यावर तो प्रकार जगभर पसरला, तो मुख्यतः छाट कलमांमधूनच. ज्याला संख्या हवी आहे त्याने गुटीच्या मागे लागू नये, असे मला वाटते.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

ताई, संख्येच्या बाबतीत आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे, आणि बागेच्या कडेला लावण्यासाठी रोपे हवी असतील तर मीही छाट कलमेच सुचवेन. गुटीचे प्रयोजन वेगळे आहे. छाट कलमातून आलेल्या जुनिपरचे खोड अंगठ्याएवढे व्हायला बरीच वर्षे जातात. गुटीमध्ये ती जाडी पहिल्याच दिवशी आपल्या हातात असते. वर चांगला वळसा घेतलेली, पण बुंध्यापासून फार लांब गेलेली फांदी अनेक झाडांवर असते. ती छाटून टाकण्याऐवजी गुटीने वेगळी केली तर एक तयार बोन्साय मिळतो आणि मूळ झाडही आटोपशीर होते. शिवाय मुळे कापाच्या कडेने चारी बाजूंना फुटत असल्यामुळे पुढे बुंध्याचा पसारा चांगला दिसतो, जे छाट कलमात क्वचितच साधते.

पांझरा_परिसर (धुळे)

डहाळ्या गोलसर आहेत आणि एका फांदीवर सुयाही आहेत, त्यामुळे माझे झाड जुनिपरच दिसते. सातपुडा भाऊंचे आभार. आता प्रत्यक्ष पद्धत सांगावी. साल पूर्ण गोल काढावी की तार आवळावी? दोन्ही सल्ले मिळाले आहेत आणि माझे एकच झाड आहे.

सातपुडा_पायथा (यावल)

एकच झाड असेल तर आधी झाडाची प्रकृती पाहा. गेल्या हंगामात टोकांना जोमदार नवी वाढ झाली नसेल, तर या वर्षी गुटी बांधू नका. अशक्त जुनिपरला काप दिला की मुळांऐवजी फांदी वाळण्याचीच शक्यता जास्त असते. कुंडी बदललेली असल्यास मध्ये एक पूर्ण वर्ष जाऊ द्यावे.

झाड सुदृढ असेल तर पेन्सिलीपासून अंगठ्यापर्यंतच्या जाडीला गोल साल काढण्याची पद्धत वापरावी. काढलेल्या पट्टीची रुंदी फांदीच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट असावी. एक सेंटिमीटर जाडीच्या फांदीवर दीड ते दोन सेंटिमीटरची पट्टी काढावी, त्याहून अरुंद नको. साल निघाल्यावर लाकडावर जो ओला, निसरडा थर राहतो तो कॅम्बियम होय. तो चाकूच्या पाठीने खरवडून लाकूड कोरडे आणि स्वच्छ दिसेपर्यंत काढला पाहिजे, कारण त्याचा धागाभर भाग राहिला तरी झाड तेवढ्यावरून नवी साल जोडून घेते आणि मुळे फोडण्याची गरजच त्याला उरत नाही. जुनिपरच्या फसलेल्या गुट्या सोडून पाहिल्या तर पुष्कळदा काप असा भरून आलेला आढळतो. वरच्या कडेचा काप मात्र धारदार चाकूने एका दमात, सरळ द्यावा. मुळे त्याच रेषेतून येणार असतात. तिथे ०.३ ते ०.८ टक्के आयबीएची पावडर हलक्या हाताने लावावी. जास्त लावल्याने मुळे लवकर येत नाहीत, उलट कड काळी पडते.

तार आवळण्याच्या पद्धतीत साल न काढता तांब्याची जाड तार सालीत रुतेपर्यंत पिळतात. फांदी जाड होत जाते तशी तार तिला आवळत जाते आणि खाली जाणारा प्रवाह हळूहळू बंद होतो. यात फांदी गमावण्याचा धोका कमी असतो, पण वेळ बराच अधिक लागतो. एक वर्ष हा हिशेब धरूनच चालावे. जुन्या, जाड, एकमेव अशा फांदीसाठी मी तारच वापरतो. जुनिपरमध्ये खोडाच्या एकेका बाजूची साल ठरावीक मुळे आणि ठरावीक फांद्या यांना जोडणारी असते, म्हणून जुन्या झाडांवर अर्धे खोड वाळून पांढरे पडलेले आणि अर्धे जिवंत असे दृश्य दिसते. अशा फांदीवर साल काढण्यापूर्वी जिवंत पट्टा कुठून कुठे जातो हे नीट पाहून घ्यावे आणि मॉस त्या बाजूला भरपूर बसेल अशी बांधणी करावी.

मॉसविषयीही सांगतो. स्फॅग्नम मॉस रात्रभर भिजवून मुठीत घट्ट पिळून घ्यावे. पिळल्यावर थेंब गळता कामा नये. डाळिंबाच्या गुटीत थोडे जास्त पाणी राहिले तरी निभावते, जुनिपरमध्ये कड कुजते. आपल्या भागातील बोअरच्या जड पाण्यातील क्षार मॉसमध्ये साठत जातात, त्यामुळे पागोळ्यांचे पावसाचे पाणी साठवून तेच वापरावे.

केळीबाग (रावेर)

मी केळी उत्पादक आहे. बोन्साय हा केवळ छंद. वाऱ्याकडे कोणी लक्ष वेधले नाही म्हणून लिहितो. आम्ही बागेच्या कडेने शेवरी लावतो किंवा हिरवी जाळी उभारतो, ती वाऱ्याने पाने फाटू नयेत आणि उन्हाच्या झळा आत शिरू नयेत यासाठी. गुटीचा गोळाही वाऱ्यात हलता कामा नये. जुनिपरची नवी मुळे ठिसूळ असतात, आणि मॉस व फांदी यांच्यात थोडीशी हालचाल झाली तरी ती कडेपासून तुटतात. बांबूची काठी फांदीला गोळ्याच्या वर आणि खाली अशी दोन ठिकाणी बांधावी. पारदर्शक पॉलिथिनमुळे मुळे पाहता येतात हे खरे, पण ऊन थेट पडले तर आतले मॉस तापते. म्हणून त्यावरून तरटाचा तुकडा किंवा ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळावा आणि पाहायचे असेल तेव्हाच सोडावा.

दुसरी गोष्ट पावसाच्या खंडाची. आपल्याकडे वर्षाचा पाऊस ५०० ते ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही सलग पडत नाही. ऑगस्टमध्ये खंड पडला की गुटी आतून कोरडी होते आणि बाहेरून ते कळत नाही. पॉलिथिनच्या आतल्या बाजूला बाष्पाचे थेंब दिसेनासे झाले की इंजेक्शनच्या सिरिंजने वरच्या बाजूने थोडे पाणी द्यावे आणि छिद्र चिकटपट्टीने बंद करावे.

वाघूर_खोरे (जामनेर)

माझ्याकडे जमिनीत लावलेला पसरट जुनिपर आहे. त्याच्या फांद्या मातीला टेकलेल्याच आहेत. अशा वेळी गुटीपेक्षा दाब कलम सोपे नाही का? जमीन भारी काळी आहे.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

पसरट प्रकारांसाठी दाब कलम हाच उत्तम मार्ग आहे, आणि निसर्गातही हे जुनिपर जमिनीला टेकलेल्या फांद्यांना मुळे फोडूनच पसरतात. फांदीच्या खालच्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटर लांबीची साल खरवडून, आयबीए लावून, तो भाग पाच-सात सेंटिमीटर खोल दाबावा, तारेच्या आकड्याने घट्ट धरून ठेवावा आणि टोकाकडचा पाला वर मोकळा ठेवावा. टोक काठीला बांधून किंचित उभे केले तर पुढे रोपाला चांगला आकार येतो.

तुमची खरी अडचण काळ्या मातीची आहे. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि भेग नेमकी दाबलेल्या फांदीजवळून गेली तर नवी मुळे ताणली जाऊन तुटतात. त्यामुळे फांदी थेट जमिनीत दाबू नये. तळाला मोठी छिद्रे असलेली उथळ कुंडी झाडाजवळ ठेवावी, तीत जाड वाळू, विटांचा चाळलेला चुरा आणि थोडे जुने शेणखत असे मिश्रण भरावे आणि फांदी त्या कुंडीत दाबावी. कुंडी जमिनीत पुरायची झाल्यास कड चार बोटे वर राहू द्यावी, म्हणजे शेतातले पाणी आत शिरणार नाही. मूळ झाडापासून तोडण्याची वेळ आली की मुळांना हात न लावता कुंडीच उचलता येते, हा मोठा फायदा. वेळापत्रक गुटीसारखेच ठेवावे, मात्र दाब कलमाला एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतचा अवधी देणे अधिक सुरक्षित आहे. फांदी मातीत असल्यामुळे तिला उन्हाळ्याची झळ गुटीइतकी लागत नाही.

सीताखाई (धडगाव)

तोरणमाळच्या बाजूला आमच्या नात्यातील एकांची बाग आहे. उंची सुमारे ११५० मीटर, उन्हाळा खालच्यापेक्षा सौम्य, पाऊस मात्र बराच जास्त. तिथेही आर्द्रा-पुनर्वसूलाच बांधावी का?

सातपुडा_पायथा (यावल)

तिथे निर्णय वेगळा होऊ शकतो. उन्हाळा सौम्य असल्यामुळे थंडी ओसरताना, नवी वाढ सुरू होण्याच्या सुमारास फेब्रुवारीत बांधलेली गुटी तिथे टिकायला हवी, आणि पावसाळा संपल्यावर ती उतरवता येईल. थंड प्रदेशांतील बोन्सायकार वसंतातच गुटी बांधतात, ते याच कारणाने. पावसाळ्यात बांधायची असेल तर तिथला धोका उलटा आहे: मॉस कोरडे पडण्याऐवजी सतत चिंब राहते. वरचे तोंड घट्ट बांधून, पॉलिथिनच्या तळाशी दोन-तीन बारीक छिद्रे पाडावीत. यावल-रावेरच्या सपाटीवर मात्र फेब्रुवारीची गुटी बांधू नये, याबाबत मी गिरणाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत आहे.

पांझरा_परिसर (धुळे)

गुटी यशस्वी झाली हे कशावरून ओळखायचे? माझ्या परिचितांची गुटी चार महिने हिरवीगार होती. मुळे आली असतील म्हणून त्यांनी उतरवली, आणि नंतर ती वाळली.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

या प्रश्नासाठी आपले विशेष आभार, कारण जुनिपरच्या बाबतीत सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. जुनिपरचा पाला मेल्यानंतरही कित्येक आठवडे हिरवा दिसतो. मुळे नसलेली, तोडलेली फांदीसुद्धा सावलीत दीर्घकाळ ताजी भासते, आणि तपकिरी छटा येते तेव्हा काही करण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून पाल्याच्या हिरवेपणावरून काहीही ठरवू नये. टोकांना फिकट, पोपटी रंगाची नवी वाढ दिसते का ते पाहावे, आणि प्रत्यक्ष मुळे पाहिल्याशिवाय फांदी तोडू नये.

मुळे पाहतानाही घाई नको. पॉलिथिनमधून पहिली पांढरी मुळे दिसली की ती कोवळी आहेत असे समजावे. त्यांचा रंग बदामी होऊन त्यांना उपमुळे फुटली आणि गोळ्याच्या तिन्ही-चारी बाजूंना ती दिसू लागली, की मग उतरवावी. सहा महिन्यांनंतर नुसती कॅलसची मोठी गाठ असेल आणि मूळ एकही नसेल, तर गुटी फसली असे नव्हे. गाठीचा वरचा थर धारदार चाकूने हलकासा तासून, पुन्हा आयबीए लावून ताज्या मॉसमध्ये बांधावी. साखर आणि ऑक्सिन तिथे साठत आहेत याचाच तो पुरावा असतो. या काळात टोके खुडू नयेत. मुळांना लागणारे ऑक्सिन वाढत्या टोकांतूनच येते, त्यामुळे पाला कमी करून गुटीला मदत होते हा समज जुनिपरपुरता तरी सोडून द्यावा.

अमळनेरकर_ताई (अमळनेर)

गिरणाकाठ भाऊ, फांदी जाड असेल तर गुटी करण्याजोगी आहे हे आता पटले. उतरवल्यानंतरची काळजीही लिहावी, म्हणजे धागा नव्या मंडळींना उपयोगी पडेल. मॉस मुळांपासून सोडवून काढावे की तसेच ठेवावे?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

ताई, मॉस अजिबात सोडवू नये. ते मुळांत गुंतलेले असते आणि ओढताना मुळेच निघून येतात. पॉलिथिन काळजीपूर्वक कापून, गोळ्याच्या लगेच खाली करवतीने फांदी तोडावी, गोळा आहे तसा कुंडीत बसवावा आणि खोड कुंडीला तारेने बांधून स्थिर करावे. खाली उरलेला खुंट त्याच वेळी मुळापर्यंत तासण्याचा मोह टाळावा. तो पहिल्या कुंडीबदलाच्या वेळी कमी करता येतो, आणि मॉसही तेव्हाच थोडे थोडे काढावे. मिश्रण भरड असावे: विटांचा चुरा आणि जाड वाळू जास्त, सेंद्रिय भाग कमी. मॉस पाणी धरून ठेवते आणि भोवतालचे मिश्रण लवकर कोरडे होते, त्यामुळे पाणी देण्यापूर्वी बोट थेट मॉसमध्ये घालून ओल तपासावी.

पहिले दोन महिने ५० टक्के शेडनेटखाली ठेवावे आणि पाल्यावर सकाळी पाण्याचा फवारा द्यावा. खत मुळे स्थिरावल्यानंतर, नवी वाढ दिसल्यावरच द्यावे. तार घालून आकार देण्याचे काम एक पूर्ण वर्ष पुढे ढकलावे.

मार्चपासून लाल कोळी या रस शोषणाऱ्या बारीक किडीवर लक्ष ठेवणे आवश्यक आहे. कोरड्या, उष्ण हवेत ती झपाट्याने वाढते आणि जुनिपरचा पाला निस्तेज, करडा दिसू लागतो. डहाळीखाली पांढरा कागद धरून ती झटकावी. कागदावर सरकणारे बारीक ठिपके दिसले तर पाला आतल्या बाजूने जोराच्या फवाऱ्याने धुवावा आणि चार-पाच दिवसांच्या अंतराने पुन्हा धुवावा, कारण अंडी पहिल्या धुण्यात निघत नाहीत. एवढ्यावर आटोक्यात आली नाही तर गंधकाचा फवारा घेतात, पण पारा ३५ अंशांच्या वर असताना तो घेतल्यास पाला करपतो. आपल्याकडे मार्चच्या मध्यानंतर दुपारचे तापमान बहुधा त्याहून जास्त असते, म्हणून गंधक वापरायचेच असेल तर ते फेब्रुवारीतच वापरावे आणि त्यानंतर केवळ पाण्याने धुण्यावर भर द्यावा.